कोड लिहिणारे ढीगभर, वाचणारे कुठायत?

रविवारी रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन आला. तो सांगलीला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आवाज इतका पडलेला, की मला वाटलं याचा विषय राहिला. म्हणाला, ‘‘ताई, माझे सगळे पीआर बंद केले गं त्यांनी. एकदम अकरा.’’

मी मास कम्युनिकेशनची. आमच्याकडे पीआर म्हणजे पब्लिक रिलेशन्स. त्यामुळे पहिली पाच मिनिटं मी विचारतेय, ‘‘कुठल्या कंपनीचं पीआर करतोस?’’ आणि तो म्हणतोय, ‘‘कंपनी न्हाय गं, ब्लॉकचेन हाय.’’ शेवटी कळलं, त्याचा पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट. ‘तुमच्या प्रोजेक्टच्या कोडमध्ये मी हा बदल सुचवतोय, बघा आणि पटला तर घ्या,’ असा रीतसर अर्ज.

पठ्ठ्याने काय केलं होतं? एका ब्लॉकचेन प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन उघडलं, त्यातल्या स्पेलिंगच्या चुका शोधल्या आणि एकेका चुकीसाठी एकेक वेगळा पीआर टाकला. ‘रिसीव्ह’मध्ये आय आधी की ई आधी, एक पीआर. स्वल्पविराम राहिला, दुसरा पीआर. अकरा चुका एकाच पीआरमध्ये का नाही टाकल्या, असं विचारल्यावर दोन कारणं मिळाली. एक, रेझ्युमेवर ‘अकरा कॉन्ट्रिब्युशन्स’ जास्त भारी दिसतात. दोन, त्याने कुठल्याशा व्हिडीओत ऐकलं होतं, की काही ब्लॉकचेन प्रोजेक्ट योगदान देणाऱ्यांना फुकट टोकन वाटतात, ज्याला एअरड्रॉप म्हणतात. म्हणजे जेवढे जास्त पीआर, तेवढा चान्स जास्त.

प्रोजेक्टवाल्यांनी अकराही बंद केले. खाली दोनच ओळी होत्या. अशा एकेका अक्षराच्या दुरुस्त्या तपासण्यात आमचा वेळ जातो, कृपया पाठवू नका. भाऊ दुखावला होता. ‘‘चूक होती म्हणून सुधारली ना? तेबी फुकटात. मग?’’

खरं सांगते, तेव्हा मी त्याचीच बाजू घेतली. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात डेस्कवर बसल्यावर डोक्यात आलं, की पान सोडायची वेळ झालीय आणि कुणीतरी एकेका स्वल्पविरामासाठी अकरा मेल पाठवलेत, तर आमचे सर काय म्हणतील? जे म्हणतील, ते या पानावर छापता येणार नाही.

मग उत्सुकता लागली. ही मंडळी नक्की काम कशी करतात? मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. पण ब्लॉकचेनच्या बड्या प्रोजेक्टमधली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, कशावरून भांडतात, कुणाचं का नाकारतात, हे कुणालाही वाचता येतं. सगळं उघड्यावर आहे. दोन आठवडे तेच वाचत होते. आणि आता माझं मत ठाम झालंय, की आपण ओपन सोर्स हा प्रकार उलटा समजून घेतलाय. तिथे कोड लिहिणाऱ्यांची टंचाई नाही, दुसऱ्याचा कोड नीट वाचणाऱ्यांची आहे. आणि आपली कॉलेजं, व्हिडीओ आणि प्लेसमेंटची धास्ती मिळून त्या टंचाईत भर घालतायत.

मालक नसलेलं घर

बिटकॉइनचं उदाहरण घेऊ. त्याचा भाव किती, घ्यावं की नको, हा माझा विषय नाही. मी बोलतेय ते त्यामागच्या सॉफ्टवेअरबद्दल. जानेवारी २००९ मध्ये सातोशी नाकामोतो या नावाने कुणीतरी ते सगळ्यांसाठी खुलं केलं. तो एक माणूस की अनेक, हे आजही सिद्ध झालेलं नाही. पुढच्या दोनेक वर्षांत सातोशी बाजूला झाला. धुरा गॅविन अँड्रेसन यांच्याकडे आली, २०१४ मध्ये व्लादिमिर व्हॅन डर लान यांच्याकडे गेली. २०२१ मध्ये त्यांनीच सांगितलं, की एका माणसावर इतकं अवलंबून राहणं बरं नाही, आणि जबाबदारी वाटून द्यायला सुरुवात केली. त्यामुळे ‘बिटकॉइन कोअर’ या मुख्य सॉफ्टवेअरला आज ‘साहेब’ नाही. कोड अंतिम प्रतीत मिसळण्याची चावी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांकडे आहे. त्यांना मेंटेनर म्हणतात.

बदल सुचवायला कुणाची परवानगी लागत नाही. सांगलीतून सुचवा, नाहीतर साओ पावलोतून. कोडची आपली प्रत काढायची, त्यात बदल करायचा आणि पीआर टाकायचा. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. जगातलं कुणीही येऊन तो बदल वाचतं आणि मत नोंदवतं. त्याची एक छोटी बोली आहे. ‘ॲक’ म्हणजे मी हे तपासलं, चालवून पाहिलं, घ्यायला हरकत नाही. ‘कन्सेप्ट ॲक’ म्हणजे कल्पना पटली, पण कोड अजून पाहिला नाही. ‘निट’ म्हणजे बारीकसारीक खुसपट. आणि ‘नॅक’ म्हणजे माझा विरोध आहे.

यात मला सगळ्यात आवडलेला नियम नॅकबद्दलचा आहे. प्रोजेक्टच्या लेखी नियमावलीत म्हटलंय, की विरोध करताना कारण द्यावं. कारण न देता केलेल्या विरोधाकडे दुर्लक्ष होऊ शकतं. मनात म्हटलं, हा नियम आमच्या कॉलेजच्या गॅदरिंग कमिटीला लावला असता, तर निम्मी भांडणं वाचली असती.

त्याच नियमावलीत माझ्या भावाच्या अकरा पीआरचंही उत्तर सापडलं. किरकोळ किंवा स्पष्ट फायदा नसलेले बदल मेंटेनर लगेच बंद करू शकतात, कारण त्यामुळे तपासणाऱ्यांवर विनाकारण भार पडतो, असं तिथे लिहिलंय. त्याचा प्रोजेक्ट वेगळा होता, पण दुखणं तेच.

पुढची पायरी तर भन्नाट आहे. मेंटेनरने कोड स्वीकारला आणि नवी आवृत्ती निघाली, तरी ती कुणावर लादता येत नाही. आपल्या मोबाइलमधली ॲप रात्रीत गुपचूप अपडेट होतात, तसं बिटकॉइन कोअर होत नाही. जगभरात जे लोक ते आपापल्या मशीनवर चालवतात, त्यातल्या प्रत्येकाने स्वतः ठरवायचं, नवी आवृत्ती घ्यायची की जुनीच ठेवायची. शिवाय तयार फाइल खरोखर याच कोडमधून बनलीय का, हे कळावं म्हणून बरेच जण आपापल्या घरी, आपापल्या मशीनवर ती स्वतंत्रपणे तयार करतात आणि निकाल अक्षर न् अक्षर जुळतो का ते पाहून त्यावर आपली डिजिटल सही करतात. शाळेत बाई गणिताचा ताळा करायला लावायच्या ना? तेच. फक्त इथे वेगवेगळ्या देशांतली, एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं एकाच गणिताचा ताळा करत असतात.

साहजिकच हे काम गोगलगायीच्या गतीने चालतं. ‘टॅपरूट’ नावाच्या एका सुधारणेची कल्पना जानेवारी २०१८ मध्ये मांडली गेली. कोड मुख्य प्रतीत गेला ऑक्टोबर २०२० मध्ये. प्रत्यक्ष लागू झाली नोव्हेंबर २०२१ मध्ये. जवळपास चार वर्षं! तेवढ्यात माझ्या भावाचं सगळं इंजिनीअरिंग उरकतं.

चूक परत घेता येत नाही

एवढा सोवळेपणा कशाला? कारण हे पैशाचं सॉफ्टवेअर आहे आणि त्यावरचा व्यवहार सहसा मागे घेता येत नाही. बँकेत चूक झाली तर शाखेत जाऊन अर्ज करता येतो. इथे शाखाच नाही.

१५ ऑगस्ट २०१० ला, म्हणजे बिटकॉइन दीड वर्षाचं असताना, आकडेमोडीतल्या एका चुकीचा फायदा घेऊन कुणीतरी १८,४०० कोटींहून जास्त बिटकॉइन ‘बनवले’. एकूण बिटकॉइन कधीही २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत, हा तर त्याचा पायाभूत नियम. तेव्हा वापरणारे मूठभर होते, सातोशी हजर होता. काही तासांत दुरुस्ती आली, लोकांनी ती घेतली आणि ते बनावट बिटकॉइन बाद झाले. आज एवढ्या सहज हे जमणार नाही.

त्यापेक्षा मला दुसरा किस्सा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी आधी एका भांडणाबद्दल सांगायला हवं.

२०१५ ते २०१७ या काळात बिटकॉइनवाल्यांमध्ये अक्षरशः भाऊबंदकी झाली. वाद असा, की व्यवहारांचा प्रत्येक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, किती मोठा असावा? मर्यादा होती एक मेगाबाइट. एक गट म्हणे वाढवा, म्हणजे जास्त व्यवहार मावतील. दुसरा म्हणे, फार वाढवला तर साध्या माणसाला घरच्या मशीनवर हे चालवणं परवडणार नाही आणि सगळं बड्या कंपन्यांच्या हातात जाईल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. मिटलं नाही. शेवटी १ ऑगस्ट २०१७ ला एक गट कोडची प्रत घेऊन वेगळा झाला आणि ‘बिटकॉइन कॅश’ जन्माला आलं. ओपन सोर्समध्ये असं करायची पूर्ण मुभा आहे. वाटणीसाठी कोर्टात जावं लागत नाही, वाडा दोघांनाही अख्खाच्या अख्खा मिळतो. पण मनं फाटायची ती फाटलीच.

आता किस्सा. सप्टेंबर २०१८. बिटकॉइन कोअरच्या कोडमध्ये एक भयंकर चूक सापडली. तपासणी जलद व्हावी म्हणून आधीच्या एका बदलात एक चाचणी गाळली गेली होती. त्यामुळे तेच नाणं एकाच व्यवहारात दोनदा खर्च करून हवेतून नवं बिटकॉइन काढणं शक्य झालं होतं. हा बदल अनुभवी डेव्हलपर्सच्या नजरेखालून गेला होता, त्यांनी ॲक दिले होते, मार्च २०१७ च्या आवृत्तीतून तो जगभर पोचलाही होता. दीड वर्ष कुणाच्या लक्षात आलं नाही. नशीब एवढंच, की त्या काळात बिटकॉइनवर कुणी त्याचा गैरफायदा घेतला नाही.

ही चूक शोधली कुणी? बिटकॉइन कॅशच्या एका डेव्हलपरने! म्हणजे वेगळं चूल मांडलेल्या घरातल्या माणसाने. दोन्ही घरांचा कोड मुळात एकच, त्यामुळे चूकही दोन्हीकडे. गप्प बसून गंमत बघता आली असती, नाहीतर त्या चुकीचा फायदा उठवता आला असता. त्याने टोपणनाव ठेवून दोन्ही बाजूंच्या डेव्हलपर्सना खासगीत कळवलं. दुसऱ्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती निघाली.

या एका प्रसंगातून मी दोन गोष्टी घेतल्या. पहिली, ॲक देणारे नावाजलेले असले म्हणून निर्धास्त राहायचं नाही. ‘इतक्या मोठ्या लोकांनी पाहिलंय म्हणजे बरोबरच असणार’ असं प्रत्येकाला वाटलं, की कुणीच नीट पाहत नाही. दुसरी, जगाला त्या दिवशी वाचवलं ते नवा कोड लिहिणाऱ्याने नव्हे, जुना कोड पुन्हा नीट वाचणाऱ्याने. त्याच्या रेझ्युमेवर या कामाची ओळ कुठल्या रकान्यात बसवायची?

मुंबई नावाचं टेस्टनेट

इथेरियमचा कारभार थोडा वेगळा. तिथे एकच मुख्य सॉफ्टवेअर नाही. गेथ, नेदरमाइंड, बेसू अशी वेगवेगळ्या टीमनी, वेगवेगळ्या प्रोग्रामिंग भाषांत लिहिलेली सॉफ्टवेअर्स एकच नियमावली पाळतात. एकात चूक निघाली तरी सगळा डोलारा कोसळू नये, हा हेतू. या टीमच्या कोअर डेव्हलपर्सच्या बैठका ऑनलाइन होतात आणि त्याचं रेकॉर्डिंग कुणालाही यूट्यूबवर पाहता येतं. मी एक पाहिली. कळलं दहा टक्के. पण एक माणूस शांतपणे म्हणाला, ‘आमची टीम अजून तयार नाही,’ आणि कुणी डोळे वटारले नाहीत, तारखेवर पुन्हा चर्चा सुरू झाली. आमच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये हे वाक्य सबमिशनच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येतं.

जानेवारी २०१९ मध्ये इथेरियमचं ‘कॉन्स्टँटिनोपल’ नावाचं अपग्रेड जेमतेम दोन दिवसांवर आलं होतं. जगभर तयारी झालेली. तेवढ्यात कोड तपासणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीने दाखवून दिलं, की यातल्या एका बदलामुळे आधी सुरक्षित असलेल्या काही करारांतून पैसे चोरणं शक्य होईल. डेव्हलपर्सनी त्याच दिवशी चर्चा करून अपग्रेड पुढे ढकललं. ते झालं फेब्रुवारीच्या अखेरीस. लग्नाच्या आदल्या दिवशी मुहूर्त बदलण्यासारखंच की हे. पण बदलला.

मुख्य नेटवर्कवर जाण्याआधी सगळी रंगीत तालीम टेस्टनेटवर होते, म्हणजे जिथल्या नाण्यांना किंमत नाही अशा सरावाच्या ब्लॉकचेनवर. गंमत म्हणजे त्यांना शहरांची, रेल्वे स्टेशनांची नावं देण्याची पद्धत आहे. पॉलिगॉन हा जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन या भारतीय तरुणांनी २०१७ मध्ये ‘मॅटिक’ नावाने सुरू केलेला प्रोजेक्ट. त्यांच्या टेस्टनेटचं नाव होतं ‘मुंबई’! कित्येक वर्षं जगभरातले डेव्हलपर ‘मुंबईवर टाकून बघ, चालतंय का’ असं म्हणत होते. एप्रिल २०२४ मध्ये ते बंद झालं, जागा ‘अमॉय’ नावाच्या नव्या टेस्टनेटने घेतली. भावाला हे सांगितलं तर म्हणाला, ‘‘म्हंजे मुंबईत आधी चाललं तरच जगात चालतंय.’’ चला, निदान हसला.

आपण काय करतोय?

आता आपल्याकडे वळूया. ब्लॉकचेनपुरतंच हे नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये ‘हॅकटोबरफेस्ट’ या ओपन सोर्स उत्सवात चार पीआर टाकले की टीशर्ट मिळत होता. टीशर्टसाठी जगभरच्या प्रोजेक्टवर निरर्थक पीआरचा असा पाऊस पडला, की ओपन सोर्सवाले हैराण झाले आणि आयोजकांना उत्सव चालू असतानाच नियम बदलावे लागले. त्यातला मोठा लोंढा भारतीय विद्यार्थ्यांचा होता, कारण एका लोकप्रिय व्हिडीओत ‘असा टाका पीआर’ हे दाखवलं होतं. २०२४ च्या सुरुवातीला ‘एक्स्प्रेस’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोजेक्टमध्ये विद्यार्थ्यांनी माहितीच्या पानावर स्वतःचं नाव घालणारे पीआर टाकायचा सपाटा लावला. कारण तेच, व्हिडीओतला सराव थेट खऱ्या प्रोजेक्टवर. किल्ल्याच्या भिंतीवर बदाम काढून नाव कोरणाऱ्यांना आपण नावं ठेवतो. हे वेगळं काय आहे?

ब्लॉकचेनमध्ये त्यात पैशाची फोडणी पडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टार्कनेटने ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये योगदान देणाऱ्या डेव्हलपर्सना टोकन वाटले. हेतू चांगलाच होता. फुकट राबणाऱ्यांना काहीतरी मिळावं. पण असे एअरड्रॉप झाल्यावर ‘पुढचा आपल्याला’ या आशेने स्पेलिंग दुरुस्त करणाऱ्यांची रांगच लागली. माझा भाऊ त्या रांगेतला एक.

मी त्याला एकट्याला दोष देणार नाही. प्लेसमेंटच्या फॉर्ममध्ये ‘किती कॉन्ट्रिब्युशन्स’ असा रकाना असेल, तर पोरं आकडाच वाढवणार. गिटहबच्या प्रोफाइलवर हिरवे चौकोन भरलेले दिसले की मुलाखतीत भाव मिळतो, असं सीनिअर सांगणार, तर पोरं चौकोनच भरणार. आम्हा पत्रकारितेच्या मुलांचं तरी काय वेगळं? ‘किती बायलाइन्स?’ हेच विचारतात. दुसऱ्याच्या बातमीतली चूक छापण्याआधी पकडली, हे कुणी विचारत नाही. या इंटर्नशिपमध्ये माझ्या हातून बरी म्हणावी अशी एकच गोष्ट झाली. एका बातमीतल्या मृतांच्या आकड्यात शून्य जास्त पडलं होतं, ते मी वाचताना पकडलं. त्यावर कुठेही माझं नाव नाही. तरी त्या रात्री घरी जाताना जे वाटलं, ते पहिल्या बायलाइनलाही वाटलं नव्हतं.

आपल्या शिक्षणात दुसऱ्याचं काम वाचायची सवयच लावत नाहीत. ग्रुप प्रोजेक्ट म्हणजे एक जण करणार, चौघं नावं घालणार. मित्राच्या कामातली चूक दाखवली तर तो ‘शहाणपणा’. शिक्षकांच्या कोडमधली दाखवली तर इंटर्नलचे मार्क गेलेच म्हणून समजा. मग नॅकला कारण देण्याची आणि आपल्याला आलेला नॅक मनाला न लावून घेण्याची सवय होणार कुठून?

सगळंच गोड नाही

ही मंडळी म्हणजे संतमेळा आहे, असं मी म्हणत नाही. नियमांत लोकशाही असली तरी प्रत्यक्षात मूठभरांच्या शब्दाला वजन जास्त असतं. चर्चा इंग्रजीत चालते आणि कधी कधी चांगलीच बोचरी असते. नव्या माणसाचा पीआर महिनोन् महिने कुणी बघतही नाही. अनेकांचा पगार कंपन्यांच्या आणि देणगीदारांच्या पैशातून येतो, त्यामुळे ‘तू कुणाचा माणूस?’ हा प्रश्न कायम हवेत असतो. बायका अजूनही मोजक्याच. ग्लोरिया झाओ २०२२ मध्ये बिटकॉइन कोअरच्या मेंटेनर झाल्या, तेव्हा या जागेवर आलेल्या पहिल्या महिला म्हणून त्याची बातमी झाली. सॉफ्टवेअर तेव्हा तेरा वर्षांचं होतं.

आणि मनस्ताप वेगळाच. ‘मीच सातोशी’ असा दावा करणाऱ्या क्रेग राइट यांच्या कंपनीने डझनाहून अधिक डेव्हलपर्सना ब्रिटनच्या कोर्टात खेचलं. मार्च २०२४ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने राइट सातोशी नाहीत असा निकाल दिला. पण तोवर खटल्यांच्या कटकटीला कंटाळून काही जण काम सोडून गेले होते. आपण ज्यांच्या दारात अकरा स्वल्पविराम टाकून येतो, ती माणसं अशी आधीच दमलेली असतात.

कुणी म्हणेल, आता कोड तपासायला एआय आहे की. आहे, आणि मदतही होईल. पण एआयमुळे पीआर लिहिणं आणखी सोपं झालंय. ढीग वाढतोय. ‘मी हे तपासलं, माझ्या नावाने सांगतो’ असं म्हणून जबाबदारी घ्यायला शेवटी माणूसच लागतो.

मग सुरुवात कुठून?

ज्यांना खरंच यात उतरायचंय, त्यांच्यासाठी दार बंद नाही. बिटकॉइन कोअरसाठी २०१९ पासून ‘पीआर रिव्ह्यू क्लब’ चालतो. एक पीआर निवडायचा, आधी वाचून यायचं, मग चॅटवर प्रश्नोत्तरं. नवख्यांसाठीच तो आहे आणि जुन्या बैठकांची नोंद कुणालाही वाचता येते. कुठल्याही प्रोजेक्टमध्ये पहिल्या महिन्यात एकही पीआर न टाकता सॉफ्टवेअर स्वतः उभं करा, चाचण्या चालवा, दुसऱ्याने नोंदवलेली चूक आपल्या मशीनवर येते का पाहा आणि आली तर कशी आली ते नीट लिहा. डॉक्युमेंटेशनमध्ये चुका दिसल्या तर साठवा, खरंच गोंधळ होत असेल तिथला मजकूर सुधारा आणि सगळं एकदाच पाठवा.

कॉलेजांना माझं एकच सांगणं आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला वीस मार्क दुसऱ्या ग्रुपच्या कोडच्या रिव्ह्यूला ठेवा. चूक सापडली, कारणासह मांडली, की मार्क. ज्यांची सापडली त्यांचे मार्क मात्र कापायचे नाहीत, नाहीतर पुन्हा सगळे एकमेकांना सांभाळून घेतील. याला नवी लॅब लागत नाही, निधी लागत नाही.

भावाचं काय झालं? मी त्याला हे सगळं ऐकवलं. त्याला फार पटलं असं नाही. ‘‘तुझं बरंय ताई, तुला प्लेसमेंटला बसायचं न्हाय,’’ म्हणाला. बरोबरच आहे त्याचं. पण तीन आठवड्यांनी त्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. त्याच प्रोजेक्टमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी पीआरवर त्याने लिहिलं होतं, की जुन्या लॅपटॉपवर ही चाचणी मधेच बंद पडते. सोबत कुठल्या पायऱ्या केल्या, काय दिसलं, सगळं होतं. खाली त्या पीआरवाल्याचं उत्तर, ‘धन्यवाद, माझ्या लक्षात आलं नव्हतं, दुरुस्त केलं.’

टोकन मिळालं नाही. कॉन्ट्रिब्युशनच्या यादीत त्याचं नावही आलेलं नाही. रेझ्युमेवर हे कसं लिहायचं, ते आम्ही दोघं अजून ठरवतोय. तुमच्यापैकी कुणी मुलाखती घेत असेल, तर पुढच्या वेळी समोरच्या पोराला एवढं विचारा, ‘गेल्या वर्षात दुसऱ्याचं काय वाचलंस आणि त्यात तुला काय सापडलं?’ मग तो रकाना आपोआप तयार होईल.